न कापणारा चाकू

लोखंडी विळीवर कैरी चिरली, की पाते काळे पडते. कैरीतील आम्ल व टॅनिन यांची लोखंडाशी होणारी ही क्रिया. म्हणूनच विळी धुऊन लगेच कोरडी करण्याची शिस्त घरोघरी असे. इंग्लंडातही स्टेनलेस स्टील येईपर्यंत सुऱ्या सतत घासूनपुसून ठेवाव्या लागत.

या सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शेफील्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली (जन्म १८७१) पोलादावर संशोधन करीत असे. वडील भट्टीवरचे कामगार. हा स्वतः बाराव्या वर्षी शाळा सोडून पुढे प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागलेला! १९१२ साली त्याच्याकडे प्रश्न आला तो बंदुकीच्या नळ्या आतून झिजण्याचा. त्यासाठी १३ ऑगस्ट १९१३ रोजी ओतलेल्या पोलादात क्रोमियम १२.८ टक्के आणि कार्बन ०.२४ टक्के होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याआधी नमुन्याला सौम्य आम्ल लावतात, म्हणजे त्याची घडण दिसू लागते. या नमुन्यावर मात्र आम्लाचा परिणामच होईना. व्हिनेगर आणि लिंबाचा रसही फिके पडले. बंदुका मागे राहिल्या. ब्रिअर्लीला सुऱ्या दिसू लागल्या.

पण कारागिरांनी बनवून पाहिलेल्या सुऱ्यांना धारच टिकेना. ‘न कापणाऱ्या चाकूचा जनक’ अशी त्याची थट्टा झाली. दोष पोलादाचा नव्हता, पाणी देण्याच्या रीतीचा होता. साधे पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसला लाल झाले, की बुडवून कडक करता येते. क्रोमियम मात्र कार्बनला धरून ठेवते. त्याला सोडवायला १००० अंशांच्या आसपास तापवावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या लाल रंगावर बसलेली नजर इथे आड आली. अखेर १९१४ मध्ये अर्नेस्ट स्टुअर्ट या सुरीकाराला हे तापमान साधले. ‘स्टेनलेस’ हे नावही त्याचेच.

चाकू घेताना आजही हाच पेच असतो. कार्बन वाढवावा तर पाते अधिक कडक होते. पण तो क्रोमियम अडकवून ठेवतो आणि गंज रोखणाऱ्या ऑक्साइडच्या पातळ थराला ते कमी पडते. कार्बन कमी ठेवला तर चाकू चकाकतो, पण धार लवकर जाते. तेव्हा नुसत्या चकाकीवर जाऊ नये. आणि ‘स्टेनलेस’ म्हणून चाकू खारट पाण्यात रात्रभर टाकूनही ठेवू नये: मिठातील क्लोराइड त्या थराला भोके पाडते. वर्गात एक लोखंडी पाते व एक स्टीलचा चाकू यांवर लिंबाची फोड ठेवून दुसऱ्या दिवशी मुलांना दोन्ही दाखवावेत. तिसऱ्या चाकूवर ओले मीठ.