चिलटें आणि मज्जापेशींमधील फट

नाशिकचीं द्राक्षें बाजारांत आलीं, कीं त्यांच्या मागोमाग चिलटें येतात. चार मणी टोपलींत चेपले, कीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं टोपलीभोंवतीं त्यांच्या घिरट्या सुरू होतात. या क्षुद्र जीवाचा आपल्या मेंदूच्या रचनेशीं कांहीं संबंध असेल, असें टोपली झाडणाऱ्या गृहिणीस सहसा वाटणार नाहीं. परंतु एका मज्जापेशीचा संदेश दुसरीस कसा पोंचतो, या प्रश्नाचा जो इतिहास मी आज सांगणार आहें, त्याच्या उत्तरार्धांत याच कुळांतील ड्रोसोफिला नांवाच्या माशीवांचून पाऊल पुढें पडत नाहीं; आणि त्यांतील कांहीं काम तर आपल्या मुंबईस झालेलें आहे.

प्रारंभ मात्र इटलींतला. 1873 सालीं कामिल्लो गॉल्जी या वैद्यानें मेंदूचा तुकडा प्रथम पोटॅशियम डायक्रोमेटमध्यें व नंतर सिल्व्हर नायट्रेटमध्यें भिजवून पाहिला. असंख्य पेशींतून एखाददुसरीच काळी होई, पण झाली म्हणजे शाखाउपशाखांसह संपूर्ण होई. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या, तर दाट रानांत एक झाड वेगळें ओळखूं येऊं नये तशी गत झाली असती; या रीतीचा गुण तिच्या अपुरेपणांतच होता. गॉल्जीचें मत असें झालें, कीं पेशींचे तंतु एकमेकांत मिसळलेले असून मेंदु म्हणजे एक अखंड जाळेंच आहे. स्पेनमधील सांतियागो रामोन इ काहाल यानें 1887 सालीं त्याच रीतीनें रंगविलेले तुकडे पाहिले, ती रीत सुधारली, आणि पुढच्याच वर्षीं पक्ष्यांच्या लहान मेंदूवरून उलट निर्णय दिला: प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, तंतु भिडतात, मिसळत नाहींत. 1906 सालचें नोबेल पारितोषिक दोघांस वांटून मिळालें, आणि त्या प्रसंगींचें गॉल्जीचें व्याख्यान मज्जापेशींच्या स्वतंत्रपणाच्या खंडनांतच खर्ची पडलें!

गॉल्जीला हट्टी म्हणून हंसूं नये. ती फट दोघांपैकीं कोणालाच दिसलेली नव्हती. एका मिलिमीटराचे दहा लक्ष भाग कल्पिले, तर त्या काळच्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकास सुमारें 200 भागांहून जवळचे दोन बिंदु वेगळे दाखवितां येत नसत. आणि फट भरते अवघी 20 भागांच्या आसपास. काहालचें म्हणणें खरें ठरलें तरी त्या वेळीं तें अनुमानच होतें. इंग्लंडांत चार्ल्स शेरिंग्टननें 1897 सालीं या अदृश्य जागेस ‘सिनॅप्स’ हें ग्रीक धाटणीचें नांवही देऊन टाकलें. त्याचा मूळ अर्थ घट्ट धरणें असा आहे. फटीला मिठीचें नांव मिळालें!

जर्मनींत 1931 सालीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक निघाला, तरी त्याच्याखालीं पाहण्याजोगे मेंदूचे अतिपातळ काप होण्यास आणखी दोन तपें लागलीं. 1954 व 1955 सालीं पॅलेड व पॅले, तसेच डी रॉबर्टिस व बेनेट यांनीं अखेर ती फट पाहिली. दोन पेशींचे दोन पापुद्रे समोरासमोर, मध्यें मोकळी जागा, आणि संदेश देणाऱ्या टोकांत गोल पिशव्यांची दाटी; एकेक पिशवी 40 ते 50 भाग व्यासाची. त्याच सुमारास लंडनमध्यें बर्नार्ड कॅट्झ व त्याचे सहकारी यांनीं दाखविलें होतें, कीं मज्जातंतूकडून स्नायूस जाणारें रसायन सुटें सुटें न येतां ठराविक मापाच्या पुड्यांनीं येतें. त्या पुड्या म्हणजेच या पिशव्या, हें मग उघड झालें.

येथें नवी अडचण उभी राहिली. हा सूक्ष्मदर्शक मेलेलाच तुकडा पाहतो. पिशवी पापुद्र्यास चिकटून रिकामी होते, मग नवी कोठून येते? रहाटगाडग्याचें छायाचित्र घेतलें, तर गाडगीं कोणत्या बाजूनें चढतात व कोणत्या बाजूनें उतरतात, तें त्यावरून सांगतां येणार नाहीं. तें कळावयास रहाट नेमक्या जागीं अडकावा लागतो.

तसा अडकलेला रहाट चिलटांत सांपडला. 1973 सालीं कॅनडांत डेव्हिड सुझुकी यांच्या प्रयोगशाळेंतून ‘शिबिरे’ नांवाच्या माशांचें वर्णन प्रसिद्ध झालें. जपानी भाषेंत शिबिरे म्हणजे बधिरता. या माशा 29 अंशांवर लुळ्या पडतात आणि गारव्यांत आणल्या कीं पुन्हां उडूं लागतात. 1983 सालीं कोसाका व इकेडा यांनीं अशा लुळ्या माशीचे सिनॅप्स पाहिले, तों पिशव्या जवळजवळ संपलेल्या! पापुद्र्यास खळगे पडलेले, पण ते तुटून त्यांच्या पिशव्या होत नव्हत्या. म्हणजे पिशव्या पापुद्र्यांतूनच परत घडतात. खळग्याची मान तोडणारें ‘डायनॅमिन’ हें प्रथिन येथें बिघडलें आहे, हें 1991 सालीं उमगलें.

दुसरी माशी आपल्या अधिक जिव्हाळ्याची. होमी भाभांच्या निमंत्रणावरून डॉ. ओबेद सिद्दिकी यांनीं 1962 सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. अमेरिकेंत सीमोर बेंझर यांच्यासह त्यांनीं ‘कोमॅटोज’ माशांचा अभ्यास करून तो 1976 सालीं प्रसिद्ध केला. या माशा 38 अंशांच्या सुमारास निश्चेष्ट होतात. आपल्याकडे वैशाखांत एवढा उकाडा नित्याचाच. निरोगी चिलट तो सोसतें. शिबिरे माशी चटकन् सावरते, ही मात्र सावकाश. 1995 सालीं तिचा दोष एन्‌एस्‌एफ् या प्रथिनांत सांपडला, आणि 1998 सालीं दिसलें, कीं तिच्या पिशव्या संपत नाहींत. उलट पापुद्र्यापाशीं येऊन खोळंबून राहतात. एकीचें कोठार रितें, दुसरीचें तुंबलेलें. रहाट दोन ठिकाणीं अडकवून पाहिला गेला तो असा.

टाटा संस्थेंतच के. एस. कृष्णन यांनीं (रामन यांचे सहकारी पदार्थविज्ञानवेत्ते कृष्णन ते हे नव्हेत) शिबिरे माशांवर काम केलें. डायनॅमिनला मान तोडण्यासाठीं जीटीपी नांवाचें इंधन लागतें. तें इंधन पुरविणाऱ्या प्रथिनांत दोष असला, तर शिबिरे माशीची दुर्बलता आणखी वाढते, असें त्यांनीं अमेरिकेंतील मणि रामस्वामी प्रभृति सहकाऱ्यांबरोबर 2001 सालीं दाखवून दिलें. काहालनें जेथें केवळ दोन टोकें भिडलेलीं पाहिलीं होतीं, तेथील एका खळग्याच्या इंधनाचा हिशेब असा कुलाब्याच्या समुद्राकांठीं, बाटल्यांत वाढविलेल्या चिलटांवरून लागला.