रोपणाचे आयुष्य

शस्त्रक्रियेची गोष्ट सहसा टाके निघाले की संपते. रुग्ण घरी जातो, केसपेपर बंद होतो आणि वैद्यकाचा इतिहासकारही पुढच्या प्रकरणाकडे वळतो. कृत्रिम स्तनरोपणाचा इतिहास मात्र टाके निघाल्यानंतर, तोही आठ-दहा वर्षांनी, खऱ्या अर्थाने सुरू होतो, असे आमचे मत झाले आहे.

१९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या शल्यविशारदांनी सिलिकॉन जेलने भरलेली पिशवी प्रथम एका स्त्रीच्या छातीत बसवली. त्या बाई आल्या होत्या छातीवरचे गोंदण काढून घ्यायला. रोपणाची सूचना डॉक्टरांची. बाईंना हवे होते ते कान नीट करून घेणे, आणि तेही करून देण्यात आले. कानांची ही गोष्ट आम्हाला तळटीपेहून मोठी वाटते. असो. विसाव्या शतकाच्या आरंभी पॅराफिन टोचून स्तन भरण्याचे प्रयोग झाले होते आणि काही वर्षांनी त्याच्या कठीण गाठी झाल्या होत्या. सिलिकॉन शरीराशी काहीच प्रतिक्रिया करत नाही, हा नव्या साधनाचा मोठा आधार होता.

पण शरीर स्वस्थ बसत नाही. परक्या वस्तूभोवती ते तंतुमय आवरण विणते. काही स्त्रियांमध्ये हे आवरण हळूहळू आकसते, आतली पिशवी आवळली जाते, स्तन कठीण होतो, बेढब दिसतो, दुखतो. या आकसण्याच्या चार पायऱ्या डॉक्टरांनी ठरवल्या. उपाय म्हणून सत्तरच्या दशकात बाहेरून हातांनी जोर देऊन आवरण फोडत. त्यात कधी आतली पिशवीच फुटे. स्पर्श मऊ राहावा म्हणून पिशवीची भिंत पातळ केली, जेलही पातळ केले. मग जेल झिरपू लागले, पिशव्या फाटू लागल्या. फाटलेली पिशवी पुष्कळदा काहीच सांगत नाही, कारण जेल त्या आवरणातच अडून राहते. एमआरआय काढावा तेव्हा कळते. पुढे भिंत जाड झाली आणि आकसणे टळावे म्हणून तिचा पृष्ठभाग खरबरीत केला गेला. २०११ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रोपणाभोवती उद्भवणाऱ्या एका दुर्मिळ लिम्फोमाचा इशारा दिला. तो मुख्यतः खरबरीत रोपणांशी निगडित निघाला, आणि अनेक वर्षांनी अचानक सुजलेला स्तन ही त्याची नेहमीची खूण. २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने आपली तशी रोपणे जगभरातून परत मागवली. प्रत्येक सुधारणा आधीच्या पिढीच्या तक्रारीवरचे उत्तर होती. तिची किंमत कळली पुढच्या पिढीतल्या स्त्रियांना.

वैद्यकीय उपकरणांचा अमेरिकन कायदा १९७६चा; आधीच बाजारात असलेली रोपणे विकली जातच राहिली. १९९२ साली सिलिकॉन जेलवर निर्बंध आले, खटल्यांच्या ओझ्याखाली डाऊ कॉर्निंगने १९९५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. १९९९च्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाला सांधेदुखी वा इतर सर्वांगीण आजारांशी संबंधाचा पुरावा आढळला नाही. मात्र आकसणे, फाटणे, पुन्हा शस्त्रक्रिया हे स्थानिक त्रास हाच मोठा प्रश्न, असेही त्याने म्हटले. पहिल्या निष्कर्षाचाच गवगवा अधिक झाला, असे आम्हाला वाटते. २००६ साली ही रोपणे परत आली.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे ऑड्रे लॉर्डचे १९८० सालचे 'द कॅन्सर जर्नल्स' आठवेल. स्तन काढल्यावर तिला देऊ केलेला लोकरीचा गोळा कपड्यांखाली ठेवायचा होता, शरीराच्या आत नव्हे. तो तिने नाकारला. पण आम्ही ते पुस्तक येथे आठवतो ते नकारापेक्षा रोजनिशीच्या रूपासाठी. शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांच्या नोंदी रुग्ण स्वतः ठेवते आहे. रोपण केलेल्या स्त्रियांच्या दहाव्या, पंधराव्या वर्षाच्या अशा नोंदी फार काळ केवळ तक्रारी म्हणून वाचल्या गेल्या.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकन प्रशासनाने रोपणांच्या वेष्टनावर चौकटीतला इशारा सक्तीचा केला: ही साधने आयुष्यभर टिकणारी नाहीत, आणि ती जितकी जास्त वर्षे शरीरात राहतील तितका गुंतागुंतीचा संभव वाढतो. काही स्त्रियांनी सर्वांगीण त्रास सांगितल्याचा उल्लेखही त्यात आहे. सोबत एक यादी असते. शस्त्रक्रियेपूर्वी तिच्यातला एकेक मुद्दा डॉक्टरांनी समजावून द्यायचा आणि बाईंना त्यावर सही करण्याची संधी द्यायची. ह्यूस्टनच्या त्या शस्त्रक्रियेला तेव्हा ५९ वर्षे होऊन गेली होती.