रोज पळणाऱ्यांसाठी स्वस्त आणि टिकाऊ स्पोर्ट्स वॉच कसं निवडायचं?

मागच्या पावसाळ्यात माझं स्मार्टवॉच बंद पडलं. घेऊन चार महिनेही झाले नव्हते. बॉक्सवर 'आयपी६८' लिहिलेलं, शंभरावर स्पोर्ट्स मोड, मोठी चकचकीत स्क्रीन. मी पोलीस भरतीसाठी पळायचा सराव करत होतो, म्हणून पार्ट टाइम कामाचे पैसे साठवून ते घेतलं होतं. एका रविवारी पळून झाल्यावर मित्रांबरोबर विहिरीत पोहलो. बाहेर आलो तेव्हा स्क्रीनच्या आत धुकं दिसत होतं, संध्याकाळपर्यंत सगळं काळं. सर्व्हिस सेंटरमध्ये एकच उत्तर मिळालं: "पाण्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही."

चूक माझीही होती. बॉक्सवरच्या शब्दांचा अर्थ मला माहीत नव्हता. तो नीट समजून घेतल्यावर एक गोष्ट पक्की कळली. स्वस्तात टिकाऊ हवं असेल, तर आधी आपल्याला काय मोजायचंय ते ठरवायचं आणि त्यापलीकडच्या फीचर्सना पैसे द्यायचे नाहीत. बिघडण्यासारखं जितकं कमी, तितकं घड्याळ जास्त टिकतं.

आधी ठरवा: मोजायचं काय?

तुमच्या खिशातल्या फोनमध्ये जीपीएस आहेच. अंतर, वेग, नकाशा हे सगळं फोन मोजू शकतो. मग मनगटावर नेमकं काय हवं?

माझंच उदाहरण घ्या. भरतीला १६०० मीटर पळायचं असतं, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर ४ फेऱ्या. ५ मिनिटं २० सेकंदांचं टार्गेट धरलं, तर प्रत्येक फेरीला ८० सेकंद मिळतात. म्हणजे फेरी संपताना घड्याळात १:२०, २:४०, ४:०० आणि ५:२० दिसायला हवं. हे चार आकडे पाठ केले की साधं स्टॉपवॉच पुरतं. पहिल्या फेरीला १:१० दिसलं, तर समजायचं की आपण उगाच जोरात सुटलोय आणि शेवटच्या फेरीत दम तुटणार.

जिम किंवा कबड्डीच्या सरावासाठी काउंटडाउन टायमर कामाचा. ट्रेकला अलार्म आणि अंधारात दिसणारा लाइट हवा. रोजची पावलं, झोप, हार्ट रेट बघायचा असेल तरच फिटनेस बँडचा विचार करा.

आयपी६८ म्हणजे वॉटरप्रूफ नाही

आयपी६७ म्हणजे १ मीटर खोल स्थिर पाण्यात ३० मिनिटं टिकण्याची चाचणी. आयपी६८ त्याच्या पुढचं, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनीच ठरवते. त्यामुळे दोन आयपी६८ घड्याळं सारखी असतीलच असं नाही. शिवाय ही चाचणी गोड्या, स्थिर पाण्यातली असते. विहिरीत उडी मारताना बसणारा पाण्याचा मारा त्यात धरलेला नसतो.

घड्याळासाठी बघायचा आकडा म्हणजे एटीएम, बार किंवा मीटर. तिन्हींचा हिशोब एकच आहे: ५ एटीएम = ५ बार = ५० मीटर. पण ५० मीटर म्हणजे तेवढ्या खोल जाता येतं असं नाही. तेवढ्या खोलीवर असतो तितका दाब घड्याळानं स्थिर अवस्थेत सोसला, एवढाच त्याचा अर्थ. व्यवहारात असं धरा:

- नुसतं 'वॉटर रेझिस्ट' किंवा ३० मीटर: हात धुणं, घाम, पावसाची सर. पोहायचं नाही.
- ५० मीटर: पोहणं चालेल.
- १०० मीटर: नियमित पोहणं, नदी, समुद्र, पावसाळी ट्रेक. निश्चिंत.

कोणतंही घड्याळ घाला, पाण्याखाली बटणं दाबू नका आणि गरम पाण्याच्या अंघोळीला ते काढून ठेवा. पाणी अडवते ती आतली रबरी रिंग. उष्णता आणि साबण यांनी ती हळूहळू खराब होते.

काच, पट्टा आणि 'मिलिटरी ग्रेड'

वाळूतल्या क्वार्ट्झचा कठीणपणा मोहस मापनावर ७ असतो. मिनरल ग्लासचा साधारण ५ ते ६, तर प्लॅस्टिकच्या म्हणजे ॲक्रिलिक काचेचा त्याहून बराच कमी. म्हणून मैदानात पडल्यावर दोन्हींवर ओरखडे येतात. सफायर ९ वर असते, पण स्वस्तात मिळत नाही. यावरचा सोपा उपाय म्हणजे काचेपेक्षा थोडी उंच कड असलेली केस घ्या, म्हणजे आधी कड घासते. ॲक्रिलिकचा एक फायदा म्हणजे ती सहसा फुटत नाही, आणि बारीक ओरखडे टूथपेस्टनं हलके घासून कमी होतात.

रोजच्या वापरात अनेकदा आधी तुटतो तो पट्टा. त्याची रुंदी १८, २० किंवा २२ मिलिमीटर अशी नेहमीची असेल आणि तो स्प्रिंगच्या पिनेवर बसवलेला असेल, तर नवा पट्टा कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडेही मिळतो. खास आकाराच्या खाचेत बसणारा पट्टा असेल, तर त्याचा सुटा पट्टा मिळतो का ते आधीच बघा.

'मिलिटरी ग्रेड' हे शब्द बऱ्याचदा एमआयएल-एसटीडी-८१० या अमेरिकन लष्करी मानकावरून येतात. त्यात पुष्कळ वेगवेगळ्या चाचण्या आहेत आणि त्यातल्या कोणत्या घ्यायच्या हे कंपनी निवडते. कोणत्या घेतल्या ते लिहिलं नसेल, तर त्या शब्दांना फार किंमत देऊ नका.

बॅटरी: खरा फरक इथे पडतो

रोज चार्ज करावं लागणारं घड्याळ वर्षाला ३६५ वेळा चार्ज होतं. दहा दिवसांनी चार्ज होणारं फक्त ३६ वेळा. लिथियम बॅटरीची क्षमता काही शे चार्जिंगनंतर घटू लागते, आणि स्वस्त स्मार्टवॉचची बॅटरी बदलून मिळणं अवघड. त्यामुळे स्मार्टवॉच घेणारच असाल, तर मोठ्या स्क्रीनपेक्षा जास्त दिवस चालणारी बॅटरी निवडा.

साध्या डिजिटल घड्याळाचा विषयच वेगळा. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू १९८९ मध्ये आलं आणि आजही विकलं जातं. वजन २१ ग्रॅम, बॅटरी सुमारे ७ वर्षं, स्टॉपवॉच सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. पण त्यावर नुसतं 'वॉटर रेझिस्ट' लिहिलेलं असतं, काउंटडाउन टायमर नाही आणि लाइट अगदी मंद. हे माहीत असेल तर निराशा होत नाही.

जीपीएस आणि हार्ट रेटची गंमत

बॉक्सवर 'जीपीएस' लिहिलंय म्हणजे घड्याळातच जीपीएस आहे असं नाही. 'कनेक्टेड जीपीएस' म्हणजे ते फोनचंच जीपीएस वापरतं. दुकानदाराला सरळ विचारा: "फोन घरी ठेवून पळालो तर नकाशा येईल का?"

हार्ट रेटसाठी घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतं. रक्त हा प्रकाश शोषतं, आणि प्रत्येक ठोक्याला शोषण कमी-जास्त होतं, त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असेल किंवा मनगट वाकत असेल (पुश-अप, वजन उचलणं), तर आकडा चुकतो. पट्टा मनगटाच्या हाडाच्या एक बोट वर, घट्टसर बांधा. आणि फुकटचा उपाय विसरू नका: नाडीवर बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा, ४ नं गुणा. आजारपणाचे निर्णय मात्र घड्याळाच्या आकड्यांवर घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

मग कुणी काय घ्यावं?

- फक्त वेळ मोजायची, बजेट अगदी कमी: एफ-९१डब्ल्यूसारखं साधं डिजिटल.
- पोहणं, पाऊस, धूळ, रोजचा सराव: १०० मीटरवालं डिजिटल. कॅसिओ डब्ल्यू-८००एच हे त्यातलं एक, बॅटरी सुमारे १० वर्षं. बहुतेकांना मी हाच प्रकार सुचवेन.
- प्रत्येक फेरीची नोंद हवी: लॅप मेमरी असलेलं. टाइमेक्सची आयर्नमॅन मालिका १९८६ पासून यासाठीच ओळखली जाते. किती फेऱ्या साठवतं ते मॉडेलनुसार बघा.
- पावलं, झोप, हार्ट रेट: ५ एटीएमचा हलका फिटनेस बँड. त्याचं ॲप तुमच्या फोनवर नीट चालतं का आणि कोणकोणत्या परवानग्या मागतं, हे आधी तपासा.
- फोनशिवाय लांब पळणं: घड्याळातच जीपीएस असलेलं. यासाठी जास्त पैसे मोजावे लागतात. सवय लागण्याआधी घाई नको.

दुकानात दोन मिनिटांची तपासणी

१. दुकानाबाहेर उन्हात नेऊन आकडे वाचा.
२. न बघता स्टॉपवॉच सुरू-बंद करा. बोट ओलं करून पुन्हा करा.
३. मागच्या झाकणावर पाण्याचा आकडा कोरलाय का ते पाहा.
४. वॉरंटी कार्डावर पाण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. हे मी केलं नव्हतं!
५. नकली मालापासून सावध राहा. खऱ्या एफ-९१डब्ल्यूचं उजवं बटण काही सेकंद दाबून धरलं की स्क्रीनवर कंपनीचं नाव येतं. काही नकली घड्याळांतही ही सोय असते, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

घेतल्यावर

घाम आणि खारं पाणी लागलं, की साध्या पाण्यानं धुऊन पुसा. डास पळवणाऱ्या क्रीममध्ये डीट असेल, तर ते प्लॅस्टिक खराब करतं, म्हणून ट्रेकला जाताना आधी क्रीम लावा, ते सुकू द्या, हात धुवा, मग घड्याळ बांधा. बॅटरी बदलताना घड्याळवाल्याला सांगा, "रिंग तपासून नीट बसवा." ती चिमटली तर १०० मीटरचं घड्याळही पावसाच्या पहिल्या सरीत पाणी घेईल.

सध्या माझ्या हातात १०० मीटरवालं साधं डिजिटल आहे. त्यात नोटिफिकेशन येत नाहीत, कॉल उचलता येत नाही. त्याच विहिरीत ते कितीदा तरी बुडालंय. आणि रोज पहाटे मैदानावर पहिली फेरी संपताना मी त्यात एकच गोष्ट बघतो: १:२० झालेत का?