मुंबईतील मुष्टियुद्ध : हौशी आणि व्यावसायिक वाटा

मुंबईत मुष्टियुद्धाची हौशी वाट रुंद झाली आणि व्यावसायिक वाट अरुंदच राहिली. शहराच्या क्रीडा-इतिहासात या गोष्टीचा जेवढा विचार व्हायला हवा होता तेवढा झालेला नाही. हौशी मुष्टियोद्धा म्हणजे लढतीचे मानधन न घेता संघटनेच्या स्पर्धांत पदकासाठी उतरणारा, तर व्यावसायिक म्हणजे करारानुसार प्रत्येक लढतीचा मोबदला घेणारा. ब्रिटिश अमदानीत लष्करी छावण्यांतून हा खेळ रुजला, 1925 मध्ये मुंबई इलाख्याची हौशी संघटना उभी राहिली आणि पुढील काळात गनबोट जॅक या कृष्णवर्णीय अमेरिकी मुष्टियोद्ध्याच्या व्यावसायिक लढतीही शहराने पाहिल्या. मात्र 1949 मध्ये अखिल भारतीय हौशी महासंघ स्थापन होऊन 1950 ची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मुंबईतच भरल्यावर हौशी वाटेलाच प्रतिष्ठा लाभली.

या वाटेवरच्या खेळाडूचा चरितार्थ चाले तो सेनादल, पोलीस किंवा रेल्वेतील नोकरीवर. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये मनोज पिंगळे 51 किलो व शाहूराज बिराजदार 54 किलो वजनगटात भारताकडून उतरले आणि पिंगळे यांना 1993 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. तेव्हाची हौशी लढत तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असे व डोक्याला संरक्षक कवच बांधावे लागे, त्यामुळे चटकन गुण मिळवून देणाऱ्या स्वच्छ ठोशांना महत्त्व येई. व्यावसायिक लढत मात्र चारपासून बारा फेऱ्यांपर्यंत चालते, कवच नसते, आणि दम राखून प्रतिस्पर्ध्याला हळूहळू थकवणे हेच तिथले खरे कसब ठरते. शिवाय जो व्यावसायिक होई त्याला ऑलिंपिकचे दार कायमचे बंद होत असे, म्हणून ती उडी घेणारे विरळाच.

उपनगरांपुरते पाहिल्यास, 1990 मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाल्याने अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील शाळकरी मुलांना शासकीय स्पर्धांत मुंबई शहराहून वेगळ्या जिल्ह्याचे प्रतिनिधित्व मिळाले. तरी तीही पायरी हौशी शिडीचीच होती.

दोन्ही वाटा जवळ आल्या त्या पुढील शतकात. जागतिक मुष्टियुद्ध मालिकेत 2011-12 च्या हंगामात ‘मुंबई फायटर्स’ हा संघ उतरला. कवचाविना, पाच फेऱ्यांच्या या लढतींचे पैसे मिळत आणि ऑलिंपिकची पात्रताही टिकत असे. 2016 मध्ये व्यावसायिकांनाही ऑलिंपिक खुले झाले, आणि 5 ऑगस्ट 2017 रोजी वरळीत विजेंदर सिंगने चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीला दहा फेऱ्यांत गुणांवर हरवले. ही मोकळीक पिंगळे-बिराजदारांच्या पिढीला मिळाली नाही. त्यांची कारकीर्द मोजताना हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.