फोटो छान आहे, पण…

पुण्यात टीका करायला कुणाला शिकवावं लागत नाही असं म्हणतात. अमृततुल्यचा चहा असो, सवाईतला ख्याल असो की शेजाऱ्याने लावलेली गाडी, मत तयारच असतं, आणि तेही पाटीवर मावेल एवढ्या शब्दांत. पण एखाद्या हौशी माणसाने स्वतः काढलेला फोटो पुढे केला की याच पुणेकराची वाचा बसते. "छान आहे," म्हणतो. फारच आग्रह केला तर "मस्त आलाय." फोटोवाला खूश होऊन (किंवा हिरमुसून) घरी जातो आणि पुढचा फोटो अगदी तसाच काढतो.

असं का होतं, या प्रश्नाच्या मागे लागून थोडं जुनं वाचायला घेतलं, आणि गाडी थेट दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागे गेली.

हौशी लोकांनी एकत्र जमून एकमेकांचे फोटो पाहायचे, ही पद्धत आपल्याकडे वाटते त्यापेक्षा बरीच जुनी आहे. 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ऑक्टोबर १८५४ मध्ये स्थापन झाली. लंडनची सोसायटी १८५३ची. म्हणजे मुंबई दोन वर्षांपेक्षाही कमी मागे! सभासदांत लष्करातले गोरे अधिकारी आणि कंपनीचे नोकर होते, तसे डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजीही होते. १८५५ पासून सोसायटीचं स्वतःचं नियतकालिक निघू लागलं. त्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले फोटोग्राफर झाले. १८५६ मध्ये जॉन्सन आणि हेंडरसन या जोडीने 'इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' काढायला घेतला. दरमहा एक अंक, आणि अंकात फोटोच्या खऱ्याखुऱ्या प्रती चिकटवलेल्या, कारण फोटो छापायची सोय अजून व्हायची होती. नावातच 'ॲमॅच्युअर्स', म्हणजे हौशी.

आता त्या काळी ही हौस म्हणजे काय प्रकरण होतं ते बघा. काच घ्यायची, तिच्यावर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो काढायचा. लगेच अंधारात नेऊन ती धुवायची. थर वाळला की खेळ खलास. लंडनच्या गारठ्यात हे जमून जायचं, पण आपल्याकडे वैशाखात? शिवाय धूळ, आणि गावोगावचं वेगवेगळं पाणी. म्हणून दूरवर हिंडणारे बरेच जण काचेऐवजी कागदाच्या निगेटिव्ह वापरत. कागद आधी तयार करून नेता येई. तपशील जरा कमी उमटायचा, पण काहीतरी हाती लागायचं.

अशा मंडळींच्या बैठकीत फोटो टेबलावर आला की प्रश्न कसले येणार? कागद कुठला, किती वेळ उघडा ठेवला, सकाळ होती की दुपार, हा डाग पाण्याचा की औषधाचा. कुणाचा फोटो फसला तर का फसला हे सगळ्यांनाच हवं असे, कारण उद्या त्याच उन्हात प्रत्येकाला उतरायचं होतं. माझ्या मते खरी मोलाची गोष्ट ही आहे. बोलणारा आणि ऐकणारा एकाच नावेत होते. परीक्षक असा कुणी वेगळा नव्हताच.

अर्थात फार गोडवे गाण्यातही अर्थ नाही. कलकत्त्याला १८५६ मध्ये अशीच सोसायटी झाली. तिच्या पदाधिकाऱ्यांत राजेंद्रलाल मित्र हे मोठे विद्वान होते. १८५७ मध्ये त्यांनी एका जाहीर सभेत निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांवर टीका केली, आणि सोसायटीने त्यांना काढून टाकलं. एकमेकांच्या फोटोतले दोष दाखवणारी मंडळी, पण त्यांच्या भाईबंदांचे दोष दाखवलेले चालले नाहीत. असो.

पुण्याचं वळण मात्र वेगळं पडलं. इथे टीकेचा मोठा धडा मिळाला तो १८७४ मध्ये सुरू झालेल्या निबंधमालेतून. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी लोकहितवादींना सोडलं नाही आणि जोतीराव फुल्यांना तर नाहीच. भाषा अशी धारदार की न पटणाऱ्यानेही वाचत राहावं. (ज्यांच्यावर ती चालली, त्यांच्यावर मात्र अन्याय झाला असं माझं मत आहे.) तेव्हापासून टीका म्हणजे समोरच्याला निरुत्तर करणं, असं आपल्या अंगात मुरलं असावं. दुसऱ्या बाजूला गाण्याची बैठक. तिथे फक्त दाद. सम नेमकी आली की "वाः!" आणि नाही आली की खाली मान घालून सुपारी कातरायची. मग फोटो समोर आला की आपल्याजवळ दोनच हत्यारं उरतात, चाबूक किंवा "वाः".

तिसरी गोष्ट आपल्याकडे नव्हती असंही नाही. उर्दू शायरीत 'इस्लाह' असते, म्हणजे शागिर्दाचा शेर उस्तादाने दुरुस्त करून द्यायचा. मराठीत सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली ती नव्याने लिहिणाऱ्यांसाठीच. वृत्त कुठे मोडतं, काफिया कुठे घसरतो, हे समजेल अशा भाषेत सांगितलं की माणूस पुढची गझल जास्त सांभाळून लिहितो. फोटोची अशी बाराखडी मात्र आपल्याकडे घरोघर पोचली नाही. आग्फा क्लिक थ्रीच्या रोलवर बारा फोटो निघत, आणि पहिला टीकाकार म्हणजे रोल धुणारा स्टुडिओवाला. "दोन हललेत, एक काळा गेलाय, नऊ आलेत." संपलं परीक्षण!

कॅमेरा क्लब आणि स्पर्धा आल्यावर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे गुण. मुंबईची आजची 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया' १९३७ची, आणि देशभरच्या क्लबांची फेडरेशन १९५३ची. या संस्थांनी पुष्कळ चांगलं काम केलं, शेकडो लोकांना कॅमेरा हातात धरायला शिकवलं. पण शेदोनशे फोटो एका दुपारी पाहून गुण द्यायचे, तर परीक्षक पटकन लागू होणारे नियमच शोधणार. त्यातला लाडका नियम म्हणजे 'तिसऱ्या हिश्शाचा'. चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करा आणि मुख्य वस्तू त्या रेषांवर आणा. हा नियम या नावाने पहिल्यांदा मांडला तो जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज कोरीवकाराने, १७९७ मध्ये, निसर्गचित्रांबद्दल लिहिताना. तेव्हा फोटोग्राफी जन्मायलाही अवकाश होता! वारीतल्या म्हातारीपासून भिगवणच्या रोहितपक्ष्यांपर्यंत सगळ्यांना आपण तोच फूटरूळ लावतो.

नियमाचा फूटरूळ मोठमोठ्यांनाही लागला आहे. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई जन्मली कलकत्त्यात. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १८६३ साली तिला कॅमेरा भेट मिळाला. तिचे फोटो जरा धूसर असत. लंडनच्या फोटोवाल्यांनी हीच तिची चूक म्हणून पुनःपुन्हा दाखवली. तिला बाईने तसंच काढायचं होतं, हे बहुतेकांच्या ध्यानात आलं नाही. चित्रकार वॉट्सना मात्र ती आपले फसलेले फोटो मुद्दाम पाठवी आणि त्यांचं मत मागवी. चांगले फोटो दाखवून शाबासकी सगळेच घेतात. फसलेले कुणापुढे ठेवावेत, हे तिला बरोबर कळलं होतं.

आपल्या पुण्यात पाहण्याची शिस्त शिकवणारी एक जागा होती, आणि ती निघाली सिनेमाच्या बाजूने. १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि १९६३ पासून तिथे प्रा. सतीश बहादूर चित्रपट-रसास्वाद शिकवू लागले. 'पाथेर पांचाली' ते दृश्यादृश्याने उलगडून दाखवत. आधी पडद्यावर काय दिसतंय ते सांगायचं, आवडलं की नाही ते नंतर. पुढे श्यामला वनारसेंनीही रसास्वादाच्या या कामात कितीतरी वर्षं घातली. ऐकायला सोपं वाटतं, पण घरचा एखादा फोटो घेऊन करून पाहा. 'दिसतंय ते' सांगता सांगता दोन मिनिटांत आपण 'मला वाटतं'वर येतो.

हे सगळं मनात घोळायला लागलं त्याला कारण एक गृहस्थ. बँकेतून निवृत्त झालेले, कसबा पेठेत वाढलेले. जन्म ज्या वाड्यात झाला तो पाडायचा ठरला, तेव्हा त्यांनी मुलाचा कॅमेरा घेऊन आठवडाभर वाड्याचे फोटो काढले. हौशी फोटोग्राफरांच्या एका बैठकीत ते वीसेक प्रिंट घेऊन आले. पाहुणे परीक्षक अनुभवी होते आणि मनाने वाईट नव्हते. त्यांनी एकेक प्रिंट उचलून सांगितलं : खांब तिरके आलेत, वर आभाळ पांढरं फटक पडलंय, जिन्याचा खालचा भाग अंधारात गेलाय, आणि मुख्य विषय कुठे आहे? सगळे मुद्दे बरोबर होते. गृहस्थांनी "हो, हो" म्हणत प्रिंट गोळा केल्या आणि रबर लावून पिशवीत टाकल्या.

मला राहून राहून कॅप्टन बिग्ज आठवत होता. हा तोफखान्यातला अधिकारी, हौशी फोटोग्राफर. १८५५ मध्ये सरकारने त्याला विजापूर, बदामी, ऐहोळे या भागातल्या इमारती आणि देवळांचे फोटो काढायला पाठवलं. वर्षभरात पलटणीने परत बोलावलं, म्हणून ते काम डॉ. पिगू नावाच्या लष्करी डॉक्टरकडे गेलं. पिगू १८५८ मध्ये वारला. दोघेही कागदी निगेटिव्हवाले. १८६६ मध्ये त्यांच्या फोटोंचे जाडजूड ग्रंथ लंडनला निघाले. त्यांतलं आभाळही पांढरं फटक आहे, कारण तेव्हाच्या रसायनांना आकाशाचा निळा रंग पांढराच दिसायचा. आज ते फोटो पाहणारा आभाळाकडे बघतच नाही. तो बघतो कुठली कमान तेव्हा उभी होती, कुठे झाड उगवलं होतं.

त्या बैठकीच्या दिवशी वाडा अजून उभा होता. पाडकामाला आठ-दहा दिवस होते. जिना अंधारात गेलाय, तर सकाळी साडेआठला चौकात ऊन येतं तेव्हा जा, कॅमेरा पायरीवर टेकवा, हे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. खांब तिरके आलेत, तर समोरच्या माडीवरून काढा. आणि सगळ्यात आधी, तुम्हाला यात काय ठेवायचंय, हा प्रश्न. तो विचारला असता तर उत्तर तयार होतं. नंतर चहा पिताना त्यांनी मला ते आपणहून सांगितलं : आईने जिन्याच्या ज्या पायरीवर बसून पन्नास वर्षं गहू निवडले, ती पायरी मधोमध झिजलीय, तेवढं यायला हवं होतं. ती पायरी नेमकी अंधारात गेली होती. मी म्हटलं, "काका, उद्याच सकाळी जाऊ या. मी ट्रायपॉड आणतो."

आम्ही दोनदा गेलो. पहिल्या दिवशी ढग होते. दुसऱ्या दिवशी ऊन आलं, पण पायरीवर कुणीतरी सिमेंटची पोती रचून ठेवली होती, ती दोघांनी मिळून हलवली. फोटो जमला. खांब याही फोटोत जरा तिरकेच आहेत. काकांनी पुढच्या बैठकीत तो एकच आणला आणि मागच्या बाजूला बॉलपेनने वाड्याचा घर क्रमांक, तारीख आणि आईचं नाव लिहिलं. टेबलाभोवतीच्या एका मुलीने विचारलं, "आजी कुठल्या बाजूला तोंड करून बसायच्या?" काकांनी फोटो तिच्या हातातून घेतला, फिरवून धरला आणि बोटाने दाखवायला लागले.