विश्रामबागवाड्यात कोण कोण नांदले

बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्याच्या दर्शनी सज्जापुढे थांबणारा माणूस बहुधा एकच नाव घेतो: दुसरा बाजीराव. ते चुकीचे नाही. पण पेशव्यांचा इथला मुक्काम उणापुरा दहा-अकरा वर्षांचा. त्यांच्यामागून दोन शतके इथे कोण नांदले, याची विचारपूस फारशी कुणी करत नाही, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते.

पुण्यातल्या जुन्या वाड्याचा माग काढायचा तर सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकापासून उलटे चालत जावे लागते. फेरफार, खरेदीखते, वाटणीपत्रे आणि त्याही मागे पेशवे दफ्तरातले मोडी कागदांचे रुमाल. विश्रामबागेची कथा सरळ आहे, कारण मालक थोडे. मुळात ही सरदार हरिपंत फडक्यांची बाग. तिथे बाजीरावाने सुमारे दोन लाख रुपये खर्चून वाडा बांधला. सहा वर्षांनी, १८०७ च्या सुमारास तो पुरा झाला. सुरूच्या आकाराचे सागवानी खांब, त्यांवर कोरलेली केळफुले, वर कोरीव सज्जा. हे काम आजही मान वर करून पाहत राहावे असे आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, पुढच्या वर्षी बाजीराव बिठूरला गेला आणि वाडा कंपनी सरकारकडे आला.

इथून पुढचे रहिवासी पाहावेत. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली आणि पुढे पेशव्यांनी चालवलेली श्रावणातली दक्षिणा, तिच्यातलाच पैसा एल्फिन्स्टनच्या धोरणाने इकडे वळवला गेला. ज्या दिवाणखान्यांत पेशव्यांची बैठक होती, तिथे शास्त्री न्याय आणि व्याकरण सांगू लागले. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेत शिकले. १८५१ मध्ये सरकारी इंग्रजी शाळा तिच्यात मिसळून पूना कॉलेज झाले. ‘लाइट ऑफ एशिया’ लिहिणारे एडविन अर्नोल्ड त्याचे प्राचार्य होते. १८६४ मध्ये कॉलेजला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि १८६८ मध्ये ते येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. डेक्कन कॉलेज आज आपला जन्म १८२१ चा सांगते, म्हणजे त्याचा पाळणा या वाड्यात हलला.

१३ मे १८७९ च्या रात्री बुधवार वाडा आणि विश्रामबाग, दोन्हींना आग लागली. बुधवार वाडा गेलाच. विश्रामबागेचा काही भाग जळाला. संशय आधी वासुदेव बळवंत फडक्यांवर गेला. गुन्हा निघाला तो सरकारी बुक डेपोतल्या एका कर्मचाऱ्याचा. जळालेला भाग नगरपालिकेच्या आणि लोकवर्गणीच्या पैशांतून पुन्हा उभा राहिला. माझ्या मते वाडा खऱ्या अर्थाने पुणेकरांचा झाला तो या वर्गणीने.

विसाव्या शतकात नगरपालिकेच्या कचेऱ्या इथे भरल्या आणि १९५० मध्ये महापालिका झाल्यावरही काही वर्षे कारभार इथूनच चालला. पोस्ट ऑफिस आले, ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे प्रदर्शन आले. त्या प्रदर्शनात शहराचा इतिहास मांडला आहे. वाड्यातल्या शास्त्र्यांची, विद्यार्थ्यांची आणि कारकुनांची यादी मात्र दारातल्या भिंतीवर लागायला हवी, पेशव्यांच्या नावाखालोखाल, सनावळीसह. पाठशाळेचे कागद शोधले तर ती नावे मिळण्यासारखी आहेत.