पागोळीचे पाणी
घराच्या छपरावर पडून वळचणीतून ओघळणारे पावसाचे पाणी. ते पन्हळीने वळवून टाकीत साठवण्याची पद्धत. १ चौ.मी. छपरावर १ मिमी. पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते. कोकणात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो, तिथे ५० चौ.मी.च्या कौलारू घरावर दीड लाख लिटर पाणी येते. गळती, शिंतोडे वजा जाता सव्वा लाखाच्या आसपास हाती लागावे. तरीही एप्रिल-मेमध्ये तिथे हंडे घेऊन फिरावे लागते, कारण सच्छिद्र जांभा पाणी धरून ठेवत नाही. म्हणून टाकी पक्की हवी, आणि खरा खर्च तिचाच; पन्हळ पूर्वी पोफळीचे खोड चिरूनही होई, आता पीव्हीसीची असते.

पहिल्या सरींचे पाणी धूळ, पालापाचोळा आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन उतरते, ते सोडून द्यावे. टाकीत उजेड शिरला की शेवाळ धरते. तोंडाला बारीक जाळी नसेल तर डास होतात. धुण्याभांड्यांना हे मृदू पाणी उत्तम, साबणही कमी लागतो. पिण्यासाठी मात्र गाळून उकळावे. तमिळनाडूत २००३ पासून इमारतींना ही सोय सक्तीची आहे.